बाराच्या आत

सरकारात बसलेल्या कुणाला तरी बारा हा आकडा आवडला, आणि इकडे आबांच्या घरात बोलणं बंद झालं.

नवं धोरण निघालं तेही ऐन हंगामाच्या तोंडावर. कचेरीबाहेरच्या फळ्यावर कागद लागला. आबांच्या थोरल्या मुलानं त्याचा फोनवर फोटो काढून आणला आणि जेवता जेवता मोठ्यानं वाचून दाखवला. बारा टक्क्यांपर्यंतची वाइन हा शेतमाल. ती बागेच्या फाटकावर टेबल मांडून विकायला मोकळीक. बाराच्या वर गेली की ती दारू. दारूला परवाना वेगळा, दुकान वेगळं, आणि ते दुकान बागेत चालायचं नाही. वाइनमध्ये पाणी घातलेलं सापडलं तर टाकीलाच सील.

"म्हणजे गेल्या वर्षीची आपली?" सासूबाईंनी विचारलं.

"साडेतेराची होती. दारूच म्हणायची," थोरला म्हणाला. "इतकी वर्षं आपण दारूवाले होतो, आपल्यालाच पत्ता नाही."

आबांना हसू आलं नाही. त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि म्हणाले, "द्राक्ष पिकलं की तोडायचं. भिंतीवरचा कागद वाचून द्राक्ष पिकत नसतं."

सुनेनं अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. फाटकावरचं टेबल तिचं होतं. सात वर्षांपूर्वी तिनं ते मांडलं तेव्हा रस्त्यानं जाणारे लोक थांबायचेही नाहीत. आता रविवारी गाड्या वळणापर्यंत उभ्या राहायच्या. कुणाला कुठली बाटली आवडते, कुणाला वाइन गार लागते, कुणाची बायको जास्त आंबट चालवून घेत नाही, सगळं तिला तोंडपाठ. ते टेबल उठलं तर उरणार तो टँकरवाला. स्पिरिटच्या कारखान्याचा माणूस. तो कुणाचीही वाइन घ्यायचा, चांगली-वाईट एकाच टाकीत ओतायचा आणि उकळून तिचं स्पिरिट करायचा. धोरण निघाल्यापासून शेजारच्या दोन बागांनी त्याच्याशी बोलणी केली होती. एकानं तर अर्धी बाग उपटूनच टाकली.

"माझी वाइन टँकरमध्ये जाणार नाही," तिनं रात्री नवऱ्याला, थोरल्याला, सांगितलं.

"तुझी?" तो म्हणाला. "आबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

आबांची परीक्षा ठरलेली होती. ते मणी तोंडात टाकायचे, गर गिळायचे, साल चघळून थुंकायचे आणि बी दाताखाली धरायचे. बी करकरून फुटली आणि आतून तपकिरी निघाली की द्राक्ष पिकलं. चाळीस वर्षांत त्यांच्या दोन दाढा त्यात गेल्या होत्या, पण अंदाज कधी चुकला नव्हता. सुनेकडे साखर मोजायची काच होती. रसाचा एक थेंब तिच्यावर सोडायचा, डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं, आत आकडा दिसतो. रसात साखर जितकी जास्त तितकी वाइन कडक होणार. विसाच्या थोडं वर तोडलं तर वाइन बाराच्या आत राहते, एवढं सरळ गणित. पण ती काच आबांच्या समोर काढली की त्यांचं तोंड असं व्हायचं की जणू कुणी त्यांची नाडी बघायला डॉक्टर बोलावला.

म्हणून यंदा ती चोरून मोजायची. दुपारी आबा शेडच्या दारात खाटेवर पडायचे. त्या खाटेवरून सगळा उतार दिसायचा. एकही ओळ अशी नव्हती की तिथे कोण उभं आहे ते त्यांना कळू नये. फक्त विहिरीकडच्या चार ओळी पंपाच्या खोलीआड जायच्या. ती कपडे वाळत घालायचं निमित्त काढून तिथे शिरायची, दहा-वीस मणी तोडायची, पदरात चुरडायची आणि काच डोळ्याला लावायची.

ज्या दिवशी काचेत साडेवीस दिसले त्या संध्याकाळी तिनं जाहीर केलं, "उद्या तोडायची."

आबांनी खिशातून चार बिया काढून तळहातावर ठेवल्या. "कडेला हिरव्या आहेत अजून. चार दिवस थांब."

"चार दिवसांत हे ऊन काय करील, आबा? तुमच्या चार दिवसांत फाटक जाईल."

"फाटक फाटक! बाग आधी की फाटक आधी?"

"आणि बाटल्या कोण घेणार? तुमच्या दाढा?"

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. आबा उठले, आत गेले. सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता निकाल दिला, "उद्या तोडू. आणि तुम्ही दोघं जरा तोंड सांभाळा." तेव्हापासून आबा सुनेशी बोलेनात. काही सांगायचं असलं की बायकोला सांगायचे, सून समोर उभी असली तरी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दहा बायका कात्र्या घेऊन आल्या. सबंध दिवस क्रेट भरत होते. थोरला मळणीयंत्रावर असावा तसा चुरडणीच्या यंत्रावर उभा, कोपरापर्यंत जांभळा. सून क्रेट उचलून ओतत होती, सासूबाई देठ वेचत होत्या. संध्याकाळी तीन टन माल टाकीत गेला. बायका पाय धुऊन घरी गेल्या. सुनेनं टाकीच्या तोटीतून पेलाभर रस काढला, आता चोरायचं कारण नव्हतं म्हणून उघड उघड काचेवर थेंब सोडला, आणि बघितलं.

साडेबावीस.

तिनं काच पुसली. पुन्हा थेंब. साडेबावीस. रस ढवळून पुन्हा. आकडा जागचा हलेना. असल्या रसाची वाइन तेराला जाणार, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. ती टाकीच्या शिडीवरच बसली.

कारण काय ते तिला लगेच कळलं, हीच खरी पंचाईत. विहिरीकडच्या ओळींना ओल लागते. तिथलं द्राक्ष सगळ्यांत मागून गोड होतं. उतारावरचं दुपारभर उन्हात भाजतं, ते कधीच पुढे गेलं होतं. हे तिला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. नव्या कामाच्या बाईलाही ती हे सांगायची. पण म्हाताऱ्याची नजर चुकवण्याच्या नादात सात वर्षांचं शहाणपण तिनं पंपाच्या खोलीबाहेर ठेवलं होतं.

थोरला यंत्र धूत होता. तिनं त्याला आकडा सांगितला. त्यानं पाइप बंद केला.

"पंधरा-वीस घागरी पाणी," तो हळू आवाजात म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"अगं, कागदावर लिहिलंय म्हणून लोक काय घालत नाहीत?"

"कागदाचं सोडा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून मी काय सांगू? बागेची वाइन आहे, थोडी विहिरीची पण आहे?"

तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "मग टँकरवाल्याला फोन करू का?"

"खबरदार," ती म्हणाली.

आबांना सांगणं भाग होतं. तिनं हात धुतले, पदर नीट केला आणि खाटेजवळ जाऊन उभी राहिली. आबा आकाशाकडे बघत होते.

"आबा, माझी चूक झाली. मी फक्त विहिरीकडचे मणी मोजले. टाकीत साडेबावीस आहे."

आबांनी बायकोला हाक मारली. "अगं ए, हिला विचार, विहिरीकडचेच का मोजले?"

"तुमच्या खाटेवरून तेवढ्याच ओळी दिसत नाहीत म्हणून," सून म्हणाली.

मग सासूबाई दारातून म्हणाल्या, "घ्या! तुम्ही दोघं एकमेकांशी सरळ बोलत नाही, आणि त्यात टाकी गोड झाली. आता बसा हात चोळत."

आबा उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की समाधान, सुनेला कळेना. दोन्ही असावं. "मग?" ते तिच्याकडे बघून म्हणाले. कालच्या भांडणानंतर पहिल्यांदा थेट तिच्याकडे. "आता काय करणार तुझी काच?"

"बगलफुटीचे घड," ती म्हणाली.

मुख्य फांदीच्या बगलेतून जी फूट निघते तिच्यावर उशिरा छोटे छोटे घड धरतात. मूठभर, अर्धे लाल अर्धे हिरवे, खाल्ले तर दात आंबतात. तोडणीवाल्या बायका ते वेलीवरच सोडून देतात, मग पाखरं खातात. सुनेनं शिडीवर बसल्या बसल्या हिशेब केला होता. त्यांच्यात साखर तेराच्या आसपास. असले तेहतीस क्रेट टाकीत पडले तर सगळ्या रसाची साखर खाली येईल. पाण्याचा थेंब नाही, बाहेरचं काही नाही. आपल्याच वेलीचं आपलंच द्राक्ष.

"कच्ची द्राक्षं?" आबा ओरडले. "माझ्या टाकीत? दात आंबतील लोकांचे!"

"थोडी आंबट होईल. गार करून पितील. उन्हाळ्यात लोक तशीच मागतात, मला विचारा ना. टेबलावर मी उभी असते."

"पातळ होईल."

"होईल थोडी. पण ती वाइन असेल, आबा. टँकरमधलं स्पिरिट नसेल."

आबांनी पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "माझ्या हातून हे होणार नाही," ते भिंतीला म्हणाले.

सकाळी तोडणीच्या बायका येणार नव्हत्या. त्या दुसऱ्या बागेत कबूल झाल्या होत्या, आणि एवढ्याशा घडांसाठी दिवस घालवायला कोण येतंय? सून, थोरला आणि सासूबाई, तिघंच. रसाला यीस्टचं विरजण लागलेलं, साली वर यायला सुरुवात झालेली. दोन दिवसांत जे काय टाकायचं ते टाकायला हवं होतं. तिघं कात्र्या घेऊन उताराला लागले तर वरच्या ओळीत कुणीतरी आधीच वाकलेलं दिसलं.

आबा होते. पायाशी दीड क्रेट भरलेला.

"बघत काय उभे राहिलात?" ते म्हणाले. "ऊन चढायच्या आत ही बाजू संपली पाहिजे. आणि पान बाजूला करून बघा, घड मागे लपलेले असतात. वरवर हात मारू नका."

सुनेनं पुढची वेल धरली. बोलली असती तर ते घरी निघून गेले असते.

बगलफुटीचा घड तोडणं म्हणजे पाठीचा आणि मानेचा खेळखंडोबा. मुख्य घड छातीच्या उंचीवर असतात. हे कुठे डोक्यावर, कुठे पानांच्या जाळीत, कुठे तारेला गुरफटलेले. मान वर करून करून डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका क्रेटला शंभराच्या वर घड लागायचे. दुपारपर्यंत सुनेच्या अंगठ्याला कात्रीनं फोड आला, तो फुटला आणि आंबट रस त्यात जाऊन झोंबायला लागला. सासूबाईंना गांधीलमाशी चावली, त्यांनी मनगटाला ओली माती लावली आणि पुढच्या वेलीला गेल्या. थोरला क्रेट वाहून नेता नेता गाणं म्हणत होता, तेही दोननंतर थांबलं.

आबा बोलत होते मात्र. दोन दिवसांचं साठलेलं बोलत होते. ही ओळ त्यांनी कुठल्या साली लावली, कुठल्या वर्षी गारांनी झोडपली, सुनेनं छाटणी कशी बोडकी केली आणि म्हणून बगलफूट कशी माजली.

"बरंच झालं ना माजली ते," सून मान वर न करता म्हणाली.

"हं," आबा म्हणाले. थोड्या वेळानं एक मणी त्यांनी तोंडात टाकला, डोळे घट्ट मिटले, सबंध चेहरा आवळून गिळला आणि म्हणाले, "आई गं! तुझ्या गिऱ्हाइकांचं काही खरं नाही."

ती इतकी हसली की हातातली कात्री खाली पडली.

पहिल्या दिवशी अठरा क्रेट झाले. दुसऱ्या दिवशी शेजारची अर्धी उपटलेली बाग होती ना, तिच्या मालकाची बायको कात्री घेऊन आली. कुणी बोलावली नव्हती. "घरी बसून काय करू?" ती म्हणाली. "नुसते खड्डे बघत बसवत नाही." संध्याकाळी एकतीस भरले आणि वेलींवर काही उरलं नाही. सुनेनं ओळ ओळ फिरून बघितलं. दोन क्रेट कमीच.

"दोन कमी पडतात," ती म्हणाली.

"पडू देत," आबा म्हणाले. "चल, ओत."

एकतीस क्रेट चुरडून टाकीत गेले. मग रोजचं काम सुरू झालं. साली फसफसून वर यायच्या, त्यांचा जाड थर व्हायचा, तो लाकडी दांड्यानं खाली दाबायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दांडा दाबताना टाकीतून असा गरम, उग्र वास यायचा की डोकं हलकं व्हायचं. म्हणून एकानं दाबायचं आणि दुसऱ्यानं दारात उभं राहायचं. आबा दाबायचे, ती दारात. ती दाबायची, आबा दारात. त्या दिवसांत तिनं काच कपाटातून काढली नाही. विरजण लागलेल्या रसात ती खोटंच सांगते. आता जे होईल ते तपासणीलाच कळणार होतं. बारा होतील, बारा-एक होतील, अकरा-नऊ होतील. रोज रात्री पाठ टेकली की हेच आकडे. पण सकाळी दांडा हातात घेतला की तिला खात्री वाटायची. का ते सांगता आलं नसतं, पण वाटायची.

तपासणीच्या दिवशी कचेरीतल्या बाई आल्या. तरुण होत्या, घामाघूम झालेल्या, हातात पेटी. त्यांच्या मागोमाग टँकरही आला आणि फाटकाबाहेर सावलीत थांबला. टँकरवाला खाली उतरून म्हणाला, "वहिनी, घाई नाही. तुमचं होऊ द्या. नापास झाली तर इथल्या इथे घेऊन जातो, तुम्हाला फोनचा त्रास नको."

"तुम्ही चहा घ्या आणि निघा," सून म्हणाली.

"थांबतो की."

तपासणीच्या बाईंनी आबांना शेडच्या बाहेर उभं राहायला सांगितलं. "आजोबा, नमुना घेताना मालक आत चालत नाही. नवा नियम आहे." ज्या शेडच्या विटा आबांनी स्वतः रचल्या होत्या तिच्या दारात ते हात मागे बांधून उभे राहिले. सुनेला ते बघवेना. तिनं खुर्ची आणून दिली, त्यांनी ती पायानं बाजूला सारली.

बाईंनी तोटीतून नमुना घेतला. कागदावर लिहिलं, 'द्रव, लाल.' पेटीतून काचेचं भांडं, नळी आणि छोटा बर्नर निघाला. नमुना उकळायला लागला. नळीच्या दुसऱ्या टोकातून थेंब थेंब गळायला लागला. थोरला भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या कपाळावरची शीर उडताना दिसत होती. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्याच नाहीत. भांडी मात्र नको तितक्या जोरात वाजत होती. सुनेनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. अंगठ्याची जखम अजून ठसठसत होती.

बाईंनी त्या जमलेल्या अर्कात दारू मोजायचा तरंगता काटा सोडला, वाकून आकडा वाचला, तापमान बघून तक्त्यावर बोट फिरवलं. एकदा. मग पुन्हा.

"अकरा पूर्णांक नऊ," त्या म्हणाल्या.

थोरल्यानं डोकं भिंतीला टेकवलं. सुनेचा जीव भांड्यात पडला, पण ती जागची हलली नाही. हलली असती तर रडली असती, आणि टँकरवाल्यासमोर तिला रडायचं नव्हतं.

"पाण्याची चाचणी पण करावी लागेल," बाई म्हणाल्या.

"करा," सून म्हणाली. "दहा वेळा करा."

ती चाचणीही झाली, पाणी निघालं नाही. बाईंनी बर्नर विझवला, घाम पुसला आणि पहिल्यांदा माणसासारखं बोलल्या. "या आठवड्यात सातवी बाग. पाच नापास. तुम्ही काय केलंत?"

"आमच्या सूनबाईनं आंबट घड तोडायला लावले," आबा दारातूनच म्हणाले. "एकतीस क्रेट. माझी मान अजून वळत नाही."

बाईंनी एक कोरा फॉर्म काढला. "फाटकावर विक्रीसाठी नोंद करायची आहे. वाइन करणारा म्हणून कुणाचं नाव टाकू? नीट विचार करून सांगा. वर्षभरात एखादी बाटली बाराच्या वर सापडली तर कचेरीत याच माणसाला बोलावणार. जुन्या परवान्यावर आजोबांचं आहे, तेच ठेवते."

थोरल्यानं मान डोलावली. सुनेनंही. चाळीस वर्षं त्या रकान्यात एकच नाव होतं. कुणाला दुसरं सुचायचं कारण नव्हतं.

आबा शेडच्या आत आले. टाकीजवळ गेले, तोटीखाली पेला धरला, दोन घोट घेतले आणि तोंडात घोळवत उभे राहिले. त्यांना ती आवडली नाही, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी पेला सुनेच्या हातात दिला.

"माझ्या दातांना ही चालत नाही," ते म्हणाले. "पण वाइन आहे. तिचं नाव लिहा."

"आबा..."

"चूक तुझी, निस्तरलीस तू, तर वाइनही तुझीच. उद्या कुणाचे दात आंबले तर शिव्याही तूच खा. मला म्हातारपणी कशाला?" मग ते बाईंकडे वळले. "लिहा तुम्ही. आणि मालक बाहेर उभा राहतो ना, तर हिला बाहेर काढा आता. मी आत थांबतो."

बाई हसल्या. त्यांनी पेन सुनेपुढे केलं. तिनं हात पदराला पुसले, अंगठा दुखू नये म्हणून पेन जरा तिरकं धरलं आणि रकान्यात आपलं नाव लिहिलं, सबंध, माहेरच्या आडनावासकट. जागा कमी पडली म्हणून शेवटची दोन अक्षरं तिनं रेघेखाली घेतली.

बाहेर टँकर सुरू झाल्याचा आवाज आला. ती फाटकाकडे गेली, टेबल ओढून नेहमीच्या जागी लावलं आणि फडक्यानं पुसायला लागली.